लादी बदलण्याआधी खालच्या घराचं छत बघून या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरच्या पुरवणीत दिवाळीआधी घराचा कायापालट कसा करावा यावर दोन पानं आली होती. पानं छान होती, रंग कुठले, पडदे कसले, किचनमध्ये लाईट कुठे हवेत, सगळं होतं आणि माझ्या सुनेने कात्रण कापून फ्रीजवर लावलंय सुद्धा. पण मी नेरुळमधल्या एका जुन्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. पाऊस थांबला की माझ्याकडे रिनोव्हेशनच्या अर्जांचा ढीग पडतो, त्यामुळे त्या दोन पानांत जे कुठेच नव्हतं त्यावर लिहायला बसलेय. म्हणजे लादीच्या खाली काय असतं, आणि त्याच्याही खाली कोण राहतं.

अर्ज नेहमी चार ओळींचा असतो. "घरात किरकोळ दुरुस्ती करायची आहे तरी परवानगी मिळावी." सोमवारी ब्रेकर, म्हणजे फोडायचं मशीन, सुरू होतो, दुपारपर्यंत शेजाऱ्यांच्या भिंतीवरचे देवांचे फोटो हलायला लागतात, मग वर जाऊन बघितलं तर हॉल आणि किचनमधली भिंत गेलेली असते, बाल्कनी आत घेतलेली असते आणि संडास-बाथरूम एक करायचं चाललेलं असतं. घरमालक जागेवर नसतातच, ते तात्पुरते सीवूड्सला भाड्याने राहत असतात, आणि कॉन्ट्रॅक्टर सांगतो की मॅडम, सोसायटीची परमिशन आहे ना. सोसायटीच्या उपविधीत स्पष्ट आहे की घरात फेरबदल करायचे तर कमिटीची आधी लेखी परवानगी लागते. पण खरं सांगायचं तर डिपॉझिटचा चेक घेऊन सही ठोकली की आपलं काम झालं असं समजणाऱ्या कमिट्याही आपल्याकडे कमी नाहीत.

आता लादीचं बघा, कारण सगळ्यात जास्त अर्ज त्याचेच असतात आणि सगळ्यात कमी विचारही त्याचाच होतो. नवीन लग्न झालेली जोडपी येतात, "काकू, फक्त लाद्याच तर बदलतोय." जुनी लादी फोडली तर डेब्रिज म्हणजे राडारोडा उचलायचा खर्च, धूळ, आवाज, म्हणून कॉन्ट्रॅक्टर सुचवतो की जुन्यावरच माल (रेती-सिमेंट) टाकून नवीन लादी बसवू. दोन इंच रेती-सिमेंटचा थर आणि वर लादी धरली तर एका चौरस फुटाला साधारण ११ ते १२ किलो वजन होतं. ४०० चौरस फुटांच्या घरात हे झालं साडेचार टनांच्या पुढे. घरात माणसं, कपाटं, पलंग मिळून वापराचा जो भार स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरतात तो आपल्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो. लादीचा भार त्यात वेगळा धरलेला असतो पण तो एकाच लादीचा, दुसरीचा नाही. म्हणजे ज्या स्लॅबने पस्तीस वर्षं खाडीची हवा खाल्लीय, ज्याच्या सळ्या आतून गंजल्यात, त्याच्यावर तुम्ही वापराच्या भारातली अर्ध्याहून जास्त जागा आधीच अडवून ठेवली आणि मग त्यावर वॉर्डरोब, स्टोरेजवाला बेड आणि पाहुणे.

आणि ही काही हवेतली भीती नाहीये. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेला सप्तशृंगी नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला, तो खालच्या मजल्यांना घेऊन गेला, सहा जण गेले, आणि ज्यांच्या घरात काम चालू होतं त्यांच्यावरच पोलिसांत गुन्हा दाखल झाला. जून २०२२ मध्ये आमच्याच नेरुळमध्ये जिमी पार्कला वरच्या मजल्याचा स्लॅब असाच एकाखाली एक कोसळत गेला होता. त्या आठवड्यात आमच्याकडचे सगळे अर्जदार शहाण्यासारखे वागत होते, नंतर पुन्हा जैसे थे.

जुनी लादी काढूनच नवीन बसवा, आणि काढताना हलकी मशीन किंवा सरळ छिन्नी-हातोडा वापरायला लावा, दोन दिवस जास्त लागतील तर लागू देत. मोठा ब्रेकर जुन्या स्लॅबला हादरे देतो आणि खालच्यांच्या छताचा पोपडा तिथेच सुटतो. फोडायचीच नसेल तर पातळ लादी आणि टाईल अ‍ॅडेसिव्ह हा मार्ग आहे, त्याचं वजन मालावर बसवलेल्या लादीच्या पाव भागाच्या आसपास येतं, पण जुनी लादी घट्ट आहे का, ठोकल्यावर पोकळ वाजत नाही ना, हे एकेक लादी वाजवून बघायला लागतं. शिवाय फ्लोअर वर आला की सगळे दरवाजे खालून कापायला लागतात आणि बाथरूमच्या उंबऱ्याची उंची बिघडते, हे आधी कोणी सांगत नाही. अजून एक, निघालेलं डेब्रिज. वन बीएचकेच्या लाद्या काढल्या की ब्रासभर (शंभर घनफूट) डेब्रिज सहज निघतं आणि ते गोण्यांत भरून हॉलच्या मधोमध रचून ठेवतात कारण टेम्पोवाला रविवारी येणार असतो. सिमेंटच्या गोण्यांचं पण तेच. रोजच्या रोज खाली उतरवा, आणि ठेवायच्याच असतील तर भिंतीच्या कडेला, पसरून.

भिंतींबद्दल थोडक्यात. खांब आणि बीम यांना हात लावायचा नाही हे सगळे म्हणतात, आणि मग एसीचा पाईप न्यायला बीममधूनच कोअर कटिंग करतात, म्हणजे आरपार गोल भोक पाडतात, कन्सिल्ड वायरसाठी खांबालाच झिरी मारतात आणि मध्ये सळी आली तर ग्राइंडरने कापतात सुद्धा. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये सिद्धी साई इमारत पडली, १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर फेरबदल करताना खांबांना हात लावल्याचाच आरोप होता. आपल्याकडच्या काही जुन्या रो हाऊस आणि बैठ्या घरांत तर स्लॅब भिंतीवरच टेकलेला असतो, तिथे "ही नुसती पार्टिशनची भिंत आहे" हे मिस्त्रीच्या तोंडचं वाक्य पुरेसं नाही, इंजिनीअरने बघायलाच हवं. नवीन भिंत उभारायची असेल तर विटेऐवजी सायपोरेक्सचे हलके सच्छिद्र ब्लॉक घ्या, वजन विटेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतं. आणि बाल्कनी, फ्लॉवर बेड, छज्जा यांना आत घेऊन त्यावर भरणी टाकणं तर कृपा करून नकोच, तो भाग फक्त एका बाजूने धरलेला असतो.

बाथरूमवर मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण सोसायटीतल्या भांडणांपैकी निम्मी तरी तिथूनच सुरू होतात. वर बाथरूम नवीन होतं, चकाचक, काचेचं पार्टिशन, रेन शॉवर, आणि सहा महिन्यांनी खालच्या बाईंच्या बाथरूमच्या छताला पिवळा डाग, मग थेंब, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो, मग वरचे म्हणतात आमचं तर सगळं नवीन आहे, तुमचंच काहीतरी असेल. उपविधीप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या पाईपातून गळलं तर खर्च सोसायटीचा, पण संडास, बाथरूम, सिंक यांच्यामुळे आतल्या आत गळलं तर तो त्या सभासदांचा. म्हणजे नवीन केलेलं पुन्हा फोडायचं, तेही स्वतःच्या पैशाने. आणि इतकं होऊन मूळ चूक कुठली, तर घाई.

काम कसं व्हायला पाहिजे ते सांगते. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्याला संक म्हणतात, आणि त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. वरवरची लादी काढून वर केमिकल मारून चालत नाही, ती जुनी भरणी पाण्याने भिजलेली असते, ती पूर्ण काढून स्लॅब उघडा करायला लागतो. मग स्लॅब साफ, भेगा बुजवायच्या, कोपऱ्यांना गोलाई द्यायची, पाईप जिथून स्लॅबमधून खाली जातो तिथे आणि नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जायचं तोंड) भोवती नीट भरायचं कारण निम्मं गळणं तिथूनच असतं, मग वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, एक आडवा एक उभा, आणि ते भिंतीवरही फूटभर तरी वर चढवायचे, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. यानंतर पाणी भरून ठेवायचं. ४८ तास. इथेच सगळे पळवाट काढतात. कॉन्ट्रॅक्टर संध्याकाळी पाणी भरतो, सकाळी काढतो, म्हणतो टेस्ट झाली, कारण त्याचा लादीवाला उद्या दुसऱ्या साइटवर जाणार असतो. दोन दिवस पाणी राहू द्या, पातळीवर पेन्सिलने खूण करा, आणि खालच्यांच्या घरी स्वतः जाऊन त्यांचं छत बघून या. आमच्याकडे आता नियमच आहे, पाणी भरलेल्या बाथरूमचा फोटो आणि खालच्या सभासदाची सही आल्याशिवाय लादी बसवायची नाही. सुरुवातीला फार कुरकुर झाली, आता खालच्या मजल्यावरचेच लोक आठवण करून देतात.

पाईप भिंतीत गाडण्याआधी पंप लावून प्रेशर टेस्ट करून घ्या आणि रात्रभर काटा खाली येत नाही ना ते बघा. फरशीचा ढाळ फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) तरी हवा आणि तो नहाणीकडे हवा, हे लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण ठाण्यात वर्तकनगरला माझ्या बहिणीच्या शेजारी एका नव्याकोऱ्या बाथरूममध्ये पाणी दरवाजाकडे येतं आणि त्या बिचाऱ्या रोज वायपर मारतात. लादी गुळगुळीत घेऊ नका, शोरूममध्ये कोरडी असताना ती सुंदरच दिसते, घरात सासू-सासरे असतील तर ओल्या पायाने विचार करा. आणि संडासची जागा हलवून खालच्यांच्या किचनवर किंवा देवघरावर नेणं, हा प्रकार मी तरी कधी मंजूर केला नाही.

ओल लपवणे हा आणखी एक फॅशनेबल उद्योग निघालाय. भिंतीला ओल आहे, मग पीव्हीसीचं पॅनेल लावा. छताच्या सळ्या दिसतायत, मग फॉल्स सीलिंग करा. हे म्हणजे ताप आलेल्या पोराला नवा सदरा घालून बारशाला न्यायचं. आपल्या भागात खाडी जवळ, हवेत खारटपणा, पावसाळा चार महिने, त्यामुळे सळी गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रीटला आतून ढकलून पोपडे पाडते. वाशीच्या जुन्या सिडको घरांत राहिलेल्या माणसाला हे समजवायची गरज नाही. त्यावर मिस्त्री सिमेंटचा हात मारतो किंवा पीओपी भरतो, आणि ते पुढच्या पावसाळ्यात गठ्ठ्याने खाली येतं, फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्यासकट. सुटलेलं काँक्रीट ठोकून काढायचं, सळी घासून गंज काढायचा, सळी फारच बारीक झाली असेल तर इंजिनीअरला विचारून नवीन जोडायची, गंजरोधक कोट, मग पॉलिमर मॉर्टर, या क्रमाने केलं तर टिकतं. फॉल्स सीलिंग त्यानंतर हवं तर करा, पण मधे एखादी उघडणारी झडप ठेवा म्हणजे वर काय चाललंय ते बघता येईल.

वायरिंगचं इतकंच की भिंती उघड्या आहेत तोवर सगळं नवीन करून घ्या. जुन्या घरात एक पंखा, दोन ट्यूब आणि एक टीव्ही होता, आता दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन आलंय. एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर, साध्या लाईटला दीडची, अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का ते तपासा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना देवाचे आभार मानाल. गॅसची पाईपलाइन कपाटात कोंडू नका आणि ती हलवायला महानगर गॅसचीच माणसं बोलवा, मॉड्युलर किचनवाल्याचा सुतार नको.

घोडबंदर रोडला किंवा उलव्याला नवीन टॉवरमध्ये ताबा मिळाल्या मिळाल्या बिल्डरची लादी उखडून इटालियन मार्बल टाकणाऱ्यांनाही एक सांगायचंय. रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तुम्ही पहिल्याच महिन्यात बाथरूम फोडलं की बिल्डरच्या हातात आयतं कोलीत मिळतं, गळती तुमच्याच कामामुळे झाली म्हणून. निदान एक पावसाळा त्या घरात राहा, कुठून पाणी येतं ते कळू द्या, फोडायच्या आधीचे तारखेसकट फोटो ठेवा. मार्बल कुठे पळून जात नाहीये.

पैशांबाबत लोक नको तिथे कंजूष आणि नको तिथे सढळ. "सगळं मिळून सहा लाखात करून देतो" यात सगळं म्हणजे काय ते कोणीच विचारत नाही. मालासकट की नुसती मजुरी, किती चौरस फूट, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची लादीची पट्टी) आणि ओटा रनिंग फुटाने धरलाय का, डेब्रिज कोण उचलणार, प्लायवुड कुठल्या ग्रेडचं, हे कागदावर हवं. प्लायवर ७१० चा (मरीन म्हणजे वॉटरप्रूफ प्लायचा मानक क्रमांक) शिक्का असला म्हणजे झालं असं नाही, आयएसआयचा मार्क आणि लायसन्स नंबर बघा, जाडी टेपने मोजा, १९ एमएम म्हणून १६ येतं. सिंकखाली तर वॉटरप्रूफच पाहिजे. बिल नको म्हटलं तर १८ टक्के जीएसटी वाचतो ही गोडी सगळ्यांना लागते, पण उद्या तक्रार करायची तर हातात काय, व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे? अर्धे पैसे आधी मागणारा असेल तर सावध व्हा. काम होईल तसे टप्प्याटप्प्याने द्या आणि दहा टक्के तरी पहिला पाऊस जाईपर्यंत राखून ठेवा. चांगला कॉन्ट्रॅक्टर याला नाही म्हणत नाही, कुरकुर करतो फक्त. आणि अंदाजापेक्षा १५-२० टक्के जास्त बाजूला ठेवा, जुनी लादी उचलल्यावर खाली काय निघेल ते कोणालाच ठाऊक नसतं.

वेळेचं गणित पण आपलं ठरलेलं चुकतं. गणपतीच्या आधी हवं म्हणून जुलैत काम काढायचं, बाहेर धो धो पाऊस, प्लास्टर वाळत नाही, त्यावर पुट्टी, त्यावर रंग, आणि दसऱ्याला रंगाचे फुगे. ऑक्टोबर ते मे हा काळ बरा, फक्त दिवाळी-छठ आणि होळीला मजूर गावाला जातात आणि परत यायची तारीख ते स्वतःही सांगू शकत नाहीत हे धरून चाला. आत्ता सुरू करून "दिवाळीच्या फराळाला नवीन किचन" असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर हसून सोडून द्या.

डेब्रिजबद्दल राहिलंच. टेम्पोवाला स्वस्तात नेतो म्हणजे रात्री कुठेतरी खाडीकिनारी कांदळवनात ओततो, हे नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येक जण नजर वळवतो. महापालिकेची अधिकृत सोय आहे, पैसे थोडे जास्त पडतात, पावती मिळते. ती पावती सोसायटीने मागायला पाहिजे.

शेवटी मुद्दा इंजिनीअरचा. उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. ते झालं असेल तर त्याचा रिपोर्ट सेक्रेटरीकडून मागून घ्या आणि तुमच्या घराबद्दल, वरच्या-खालच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते वाचा, तो तुमचा हक्क आहे. महापालिकेच्या पॅनेलवर स्ट्रक्चरल इंजिनीअर असतात, त्यातला एक बोलवून काम सुरू व्हायच्या आधी एकदा घर दाखवा. त्याची फी तुमच्या किचनच्या चिमणीच्या किमतीएवढी पण नसते बहुतेक वेळा, तरी लोक म्हणतात कशाला, आमचा मिस्त्री वीस वर्षं हेच करतोय.

आमच्या वार्षिक सभेत सप्टेंबरमध्ये यावर दोन तास वाद झाला आणि अखेर ठराव झाला की लादी, भिंत किंवा बाथरूमला हात लावणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत इंजिनीअरचं पत्र आणि कामाचा साधा नकाशा लागेल, आणि अर्जाची प्रत वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरात जाईल. ज्यांचं काम पुढच्या महिन्यात होतं त्यांनी विरोधात मत दिलं हे सांगायला नकोच. ठाण्यात किंवा नवी मुंबईत इतर कुठल्या सोसायटीने असा नियम करून तो दोन-तीन वर्षं खरोखर चालवला असेल, तर पत्राचा नमुना कसा ठेवलाय आणि जे ऐकत नाहीत त्यांच्या बाबतीत काय करता हे त्यांनी याच सदरातून कळवावं, आम्हाला सध्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त हवंय.

आपली,
एक सोसायटी सेक्रेटरी, नेरुळ, नवी मुंबई